लाखोरी : एक चारित्र्यपडताळणी

दिवाळीच्या आगेमागे भंडारा जिल्ह्यातली कोणतीही धानाची बांधी पाहा. धान पिवळं पडलेलं असतं, पाणी सोडून दिलेलं असतं, चिखल पायाला चिकटतो पण पाय फारसा रुतत नाही. अशा वेळी शेतकरी उभ्या धानात शिरतो आणि मुठीमुठीने बी फेकत जातो. नांगर नाही, वखर नाही, खत नाही. कापणीला अजून दहा-पंधरा दिवस असतात. तेवढ्यात बी फुगतं, मोड धरतं, आणि धान कापून कडपा उचलल्या की खाली बारीक हिरवी पाती उभी दिसतात. ही लाखोरी. पुस्तकी मराठीत लाखोळी, बाजारात लाख, हिंदीत खेसारी, शेजारच्या छत्तीसगडात तिवरा. शास्त्रज्ञांच्या वहीत लॅथायरस सटायव्हस. इतकी नावं बाळगणाऱ्याकडे पोलीस जरा संशयानेच बघतात, आणि हिच्या बाबतीत त्यांनी तसं बघितलंही.

स्वभावाने मात्र अतिशय सोशिक. पेरल्यावर तिला कोणी पाणी देत नाही. धानाच्या मातीत जी ओल उरली असेल तेवढ्यावर ती फेब्रुवारी-मार्चपर्यंत तग धरते. माती वाळून भेगा पडतात आणि हरभरा मान टाकतो, तरी लाखोरीची मुळं खाली ओल शोधत राहतात. उलट एखाद्या वर्षी पाणी साचलं तरी ती कुजून जात नाही. जाताना जमिनीत नत्र ठेवून जाते, बैलांना कुटार देऊन जाते. फूल निळं-जांभळं, वाटाण्याच्या जातीचं आणि खरोखर देखणं. शेंग आखूड, चपटी, पाठीवर दोन बारीक पंख असलेली. दाणा मात्र वेडावाकडा : पाचरीसारखा, कोनाकोनाचा, राखट तपकिरी, अंगावर ठिपके. संस्कृतात तिला ‘त्रिपुट’ म्हणत, ते या अंगलटीवरूनच असावं.

हा दाणा भरडला की आतून निघणारी डाळ फिकी पिवळी, आणि लांबून बघाल तर तुरीची सख्खी बहीण. इथेच तिचा घात झाला. तूर महाग झाली की व्यापाऱ्याला लाखोरी आठवते. तुरीत डाळ, बेसनात पीठ, अशी ती दुसऱ्याच्या नावाने शहरात जात आली. बारकाईने बघितलं तर ओळखता येते. तुरीची डाळ गोलसर, हिची एका बाजूने उतरती आणि चौकोनी कडांची. अन्न निरीक्षकाची जुनी तपासणी अशी : डाळीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल ओतायचं, उकळत्या पाण्यावर पंधरा मिनिटं ठेवायचं, गुलाबी रंग आला तर लाखोरी आहे असं समजायचं. गंमत अशी की मेटॅनिल यलो नावाचा बंदी असलेला पिवळा रंग डाळीला फासला असेल तरीही आम्लात गुलाबीच छटा येते. म्हणजे रंग दुसऱ्याने फासायचा आणि नाव लाखोरीचं लागायचं, असंही घडू शकतं.

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, मात्र तिला कधीच नाव बदलावं लागलं नाही. तिथे ती स्वतःच्या नावाने पंगतीला बसते. तिच्या डाळीचे वडे नाहीत असं लग्न किंवा सण इकडच्या म्हाताऱ्यांना अपुरा वाटतो. रात्री भिजत घातलेली डाळ, पाट्यावर जाडसर वाटलेली, लसूण-मिरची-सांबार (इकडची कोथिंबीर) घालून थापलेली, आणि तेलात सोडल्यावर कडेने कुरकुरीत होणारी. थंडीत कोवळे शेंडे खुडून भाजी होते, वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवली जाते. ओल्या शेंगा पोरं बांधीतच संपवतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत तिच्या १०० ग्रॅम डाळीत २८ ग्रॅम प्रथिनं नोंदलेली आहेत, तुरीत २२. ज्या घरात दूध क्वचित आणि मांस सणालाच, त्या घरासाठी हे सहा ग्रॅम किरकोळ नव्हेत.

आता तिच्या नावावरचे गुन्हे.

ते खोटे नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. लाखोरीची बाजू घेणारे बरेचजण हा भाग गाळतात, आणि तिथेच त्यांची बाजू लंगडी पडते. ही डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर माणसाचे पाय जातात. आधी पोटऱ्या आखडतात. मग गुडघे सरळ होत नाहीत, टाचा टेकत नाहीत, चालताना पाय एकमेकांत अडकतात. पुढे एक काठी लागते, मग दोन, आणि शेवटी माणूस हातांवर सरकत जातो. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात या आजाराच्या अवस्था काठ्यांच्या हिशेबानेच दिल्या आहेत : बिनकाठीची, एका काठीची, दोन काठ्यांची, सरपटण्याची. डोकं शाबूत, हात शाबूत, बोलणं शाबूत. खाणं थांबवलं तर आजार पुढे सरकत नाही, पण गेलेलं परत येत नाही. स्त्रियांपेक्षा पुरुषांना, त्यातही तरुण कमावत्या पुरुषांना तो जास्त धरतो. नाव लॅथिरिझम, १८७३ साली नेपल्सच्या कांतानी नावाच्या डॉक्टरने दिलेलं.

अनुभव त्याहून कितीतरी जुना आहे. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात त्रिपुट खाऊन माणूस पांगळा होतो असं आहे. जर्मनीतल्या व्युर्टेंबर्गच्या ड्यूकने १६७१ साली तिच्या पिठाच्या भाकरीवर बंदी घातली. माद्रिदच्या १८११-१२ च्या दुष्काळात लोक तिच्याच पेजेवर जगले. स्पॅनिश चित्रकार गोयाने त्यावर चित्र कोरलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘लाखोरीची कृपा’, म्हणजे त्याच्या भाषेत आल्मोर्ताची. त्याच्या छापचित्रात पेजेभोवती जमलेल्यांपैकी एक बाई जमिनीवर पडली आहे.

आपल्याकडचा सगळ्यात तपशीलवार दाखला ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या कर्नल स्लीमनने १८४४ च्या पुस्तकात लिहून ठेवला आहे. सागरकडच्या गावांत १८२९ ला गारपिटीने गहू गेला, १८३० ला पावसाने दगा दिला, १८३१ ला तांबेऱ्याने घेतला. तीन वर्षं शेतात जगली ती एकटी तिवरा, जी एरवी गुरांसाठी म्हणून असायची. लोकांनी तीच खाल्ली. १८३३ पासून तिशीच्या आतली माणसं रात्री धडधाकट झोपून सकाळी पायांविना उठू लागली. स्लीमनची ही नोंद मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यात गुन्हेगार आणि गुन्ह्याची जागा दोन्ही एकदम दिसतात. तीन वर्षं ताटात दुसरं काहीच नव्हतं.

दुसरी नोंद त्याहून भयंकर आहे. १९४२ च्या हिवाळ्यात, रुमानियाच्या ताब्यातल्या युक्रेनमध्ये, वाप्न्यार्का इथल्या छळछावणीत ज्यू कैद्यांना रोज हीच डाळ शिजवून दिली गेली. गुरांसाठी होती, पोती पडून होती. काही आठवड्यांत शेकडो कैद्यांचे पाय गेले. त्या कैद्यांतच आर्थर केसलर नावाचे डॉक्टर होते. त्यांनी आजार ओळखला, डाळीवर बोट ठेवलं, कैद्यांनी ती खाणं नाकारलं. पुढे इस्रायलमध्ये त्यांनी या माणसांची जन्मभर शुश्रूषा केली. इथे डाळ हत्यार म्हणून वापरली गेली. हत्याराला फाशी देत नाहीत, पण लाखोरीला मात्र दिली गेली.

ती शिक्षा १९६१ ची. अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत एक कलम आलं आणि लाखोरी, तिची डाळ, तिचं पीठ, सगळ्याची विक्री बंद करण्याची तरतूद झाली. आता तारखा नीट बघा. तिच्या अंगातलं विष नेमकं काय, हे कळलं १९६४ साली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सरमा यांनी, आणि त्याच वर्षी दिल्ली विद्यापीठात मूर्ती, शेषाद्री आणि वेंकटसुब्रमण्यन यांनी ते वेगळं काढलं. एक अमिनो आम्ल, लांबलचक नावाचं. सगळे त्याला ओडॅप म्हणतात. अर्काचं इंजेक्शन दिल्यावर कोंबडीच्या लहान पिलांच्या माना मागे खेचल्या जात, अंगाला पीळ पडे. पेशीपेशींतले निरोप वाहणारं ग्लुटामेट नावाचं जे द्रव्य मज्जासंस्थेत असतं, त्याचा वेश घेऊन हे ओडॅप दार ठोठावतं आणि दार उघडंच ठेवतं. चेतापेशी थकून मरतात. म्हणजे निकाल आधी लागला आणि पुरावा तीन वर्षांनी आला. पुरावा निकालाच्या बाजूचाच निघाला हे खरं, पण प्रयोगशाळेने त्याच दशकात आणखीही काही सांगितलं होतं आणि ते ऐकायला कोर्टात कोणी थांबलं नाही.

पहिली गोष्ट, ओडॅप पाण्यात विरघळतं. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतल्या मोहन, नागराजन आणि गोपालन यांनी १९६६ मध्येच घरगुती उपाय लिहून दिला : डाळ गरम पाण्यात भिजवा आणि ते पाणी फेकून द्या, विषाचा मोठा भाग त्याबरोबर जातो. दुसरी गोष्ट प्रमाणाची. वैद्यकाची पाठ्यपुस्तकं सांगतात की आहारात ही डाळ ३० टक्क्यांहून जास्त असेल आणि ते दोन ते सहा महिने चालू राहिलं तर आजार होतो. मध्य प्रदेशातल्या रीवा भागात वेठबिगार मजुरांना मालक मजुरीच लाखोरी मिसळलेल्या धान्यात देत. तिथे गावंच्या गावं लंगडी झाली. १९६१ च्या नियमाने डाळीच्या विक्रीवर हात टाकला. मजुरी धान्यात देण्याला त्याने हात लावला नाही.

प्रयोगशाळेत तिची तपासणी कशी होते ते बघण्यासारखं आहे. दाणे दळून पीठ करतात. चिमूटभर पीठ अल्कोहोल-पाण्याच्या मिश्रणात हलवून गाळतात. गाळलेल्या द्रवात तीव्र अल्कली घालून परीक्षानळी अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवतात. ओडॅप फुटून त्याचा एक तुकडा मोकळा होतो. त्यात ऑर्थोफ्थॅल्डिहाइड नावाचं अभिकर्मक टाकलं की द्रव हळूहळू पिवळा होत जातो. नळी यंत्रात ठेवायची, ४२० नॅनोमीटरचा प्रकाश सोडायचा, किती शोषला ते वाचायचं. पिवळा जितका गडद तितका गुन्हा मोठा. ही रीत एस. एल. एन. राव यांनी १९७८ साली दिली. हे १९६४ च्या शोधातलेच राव. स्वस्त आहे, सोपी आहे, कुठल्याही कृषी महाविद्यालयात जमेल अशी आहे. दोष एवढाच की तिला ओडॅपच्या दोन भावांमधला फरक कळत नाही. बीटा ओडॅप विषारी. अल्फा त्यामानाने गरीब. डाळ शिजवताना बीटाचा बराच भाग अल्फात बदलतो, पण रंग दोघांचा एकच येतो. फरक करायला महागडं एचपीएलसी यंत्र लागतं. कच्च्या दाण्याचा आकडा वाचून शिजलेल्या वड्याला दोषी ठरवलं तर हा घोळ होणारच.

“आमी त खातच आलो, आमाले का झालं?” हा झाडीपट्टीतला नेहमीचा सवाल. त्याला सवाल म्हणूनच घेतलं पाहिजे, उत्तर म्हणून नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तो घेतला. १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच असलेल्या गोंदियाच्या खेड्यांत जाऊन त्यांनी घराघरांतलं खाणं मोजलं, डाळीतलं ओडॅप मोजलं, पाय गेलेली माणसं शोधली. २०१४ साली निबंध आला. खाणं चालू होतं पण कमी प्रमाणात, आणि आजार ओसरला होता. माझ्या मते कारण ताटात आहे. इथे लाखोरी भाताबरोबर येते. तिच्यात गंधकयुक्त अमिनो आम्लांची तूट आहे आणि तांदूळ ती बरीच भरून काढतो. इथिओपियातल्या साथीचा अभ्यास करणाऱ्या गेताहुन आणि लांबेन यांनीही हेच बघितलं : जिथे डाळीत धान्य आणि मसाल्याचं कालवण मिसळलं जात होतं तिथे पाय वाचले, जिथे ती नुसती खाल्ली गेली तिथे गेले.

दरम्यान नागपुरात एक माणूस तिचं वकीलपत्र घेऊन उभा राहिला होता. डॉ. शांतीलाल कोठारी. अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट ही त्यांची संस्था. त्यांनी निवेदनं दिली, कोर्टात गेले, उपोषणाला बसले, वर्षानुवर्षं. डाळ पूर्ण निर्दोष आहे असा त्यांचा सूर असे. मला तो सूर कधी पूर्ण पटला नाही. पण विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचं हक्काचं पीक कागदावरच्या एका ओळीने चोरटं करून टाकलं, हे इतक्या चिकाटीने दुसरं कोणी सांगितलं नाही. २००८ मध्ये महाराष्ट्राने बंदी उठवली. २०११ मध्ये केंद्राचे नवे अन्नसुरक्षा नियम आले, त्यात खेसारीची विक्रीबंदी पुन्हा लिहिलेलीच होती. पुढे २०१६ च्या सुरुवातीला बातमी आली की भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या समितीने कमी ओडॅपच्या तीन वाणांना हिरवा कंदील दाखवला : रतन, प्रतीक आणि महातिवरा. राज्याने सोडलेली, केंद्राने धरलेली, तज्ज्ञांनी अर्धी सोडवलेली, अशा अवस्थेत ती आजही बाजारात बसलेली असते.

हे वाण म्हणजे तिची सुधारलेली मुलंबाळं. रतन दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत ऊतीसंवर्धनातून निघालं. प्रतीक आणि महातिवरा रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठातले. महातिवरात ओडॅप ०.१ टक्क्याच्याही खाली. पण मुलांची चाल सांभाळावी लागते. लाखोरीच्या फुलावर मधमाश्या येतात. शेजारच्या बांधीत जुनं गावठी बी असेल तर परागाबरोबर जुने गुण परत येतात. जमिनीत जस्त कमी असेल, पीक ताणावर असेल, तर ओडॅप वाढतं. म्हणजे पिशवीवर वाणाचं नाव छापलं म्हणून आतल्या दाण्याचा आकडा ठरत नाही.

अलीकडे तर प्रयोगशाळेने उलटीच चाल केली आहे. लाखोरीच्या दाण्यात होमोआर्जिनिन नावाचं आणखी एक अमिनो आम्ल भरपूर असतं. २०१० मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवलं की ज्यांच्या रक्तात होमोआर्जिनिन कमी, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जास्त. आणि खुद्द ओडॅप? चिनी वैद्यकात रक्तस्राव थांबवायला जी सांची नावाची मुळी वापरतात, तिच्यातलं डेन्सिचीन म्हणजे आपलं ओडॅपच. रावांनी २०११ मध्ये या उजळ बाजूवर सविस्तर लेख लिहिला. ज्याने आरोपपत्र लिहिलं त्यानेच साक्ष फिरवली म्हणा ना.

इथे जरा थांबा. उद्या कोणीतरी हीच डाळ चकचकीत पाकिटात भरून ‘हृदयासाठी वरदान’ म्हणून पुण्या-मुंबईत विकेल, ही भीती मला ओडॅपपेक्षा जास्त वाटते. जर्मनीतला अभ्यास माणसांच्या रक्ताचा होता, लाखोरी खाणाऱ्यांचा नव्हता. एखादी गोष्ट रक्तात कमी असणं आणि ती खाऊन आजार टळणं, यांत बरंच अंतर आहे, आणि ते कोणी पार केलेलं नाही. आरोग्याच्या नादाने रोज वाटीभर कच्चं पीठ पाण्यात कालवून पिणारा शहरी माणूस, तीन महिन्यांनी, स्लीमनच्या पुस्तकात जाऊन बसेल.

तिकडे भंडाऱ्यात ती बंदीने गेली नाही, पण आता पाण्याने चालली आहे. गोसीखुर्द धरणाचं आणि विहिरींचं पाणी आलं तिथे तिच्या जागी उन्हाळी धान आला. मजूर मिळेना म्हणून हार्वेस्टर आलं. उभ्या धानाखाली उगवलेली लाखोरी त्याच्या चाकांखाली चिरडली जाते. वर मोकाट जनावरं. साकोलीला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, तिथे धानावर उत्तम काम झालं आहे. धानाच्या पोटाखाली वाढणाऱ्या या पिकाकडेही त्यांनी तितक्याच आस्थेने पाहावं.

मागणी फार मोठी नाही. लाखनी, पवनी, लाखांदूर, मोहाडी, जिथे जिथे लाखोरी बाजारात येते तिथला नमुना दर हंगामात घ्यावा, ओडॅप मोजावं आणि तो आकडा पोत्यावर छापावा. यंत्र आहे, रीत आहे, १९७८ पासून आहे. आणि घरी करणाऱ्यांनी एवढंच करावं : डाळ गरम पाण्यात दोन तास भिजवून ते पाणी मोरीत ओतावं, ती एकटी खाऊ नये, रोज खाऊ नये, आणि तिचे वडे भातासोबत, घरातल्या चार जणांत वाटून खावेत.